जावेचं ग्रीस

जावेच्या सोन्यावर मी कधी जळली नाई. तिच्याजवळ सोनं नव्हतंच. मी जळली ते तिच्या ग्रीसवर. हसाचं असन तं हसा.

बालाघाटात रेल्वे फाटकाजवळ माह्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हनजे टिनाचं छप्पर, एक पेटी अन् हवा भराचा पंप. त्याले लकवा मारला. उजवा हात गेला, बोली गेली. पोरी सासरी. मंग पाना मी हातात घेतला. त्यानं मले कधी शिकोलं नव्हतं. भाकर घेऊन जात होती तवा जे डोळ्यानं पाह्यलं, तेवढंच येत होतं. पहिल्या सालात अंगठ्याचं नख दोनदा गेलं. रडली नाई. रडून पंक्चर निघते का?

रस्त्याच्या पल्याड लहान दिराचं दुकान. तो नागपूरले बांधकामावर गेला, तं त्याची बायको, म्हनजे माही जाऊ, तिथं बसाले लागली. ती आपल्या नवऱ्याच्या बाजूले बसून सगळं शिकलती.

मी नवऱ्याची खाट रोज दुकानात टाकत होती. तो दिवसभर रस्ता पाहे. जाऊ सायकल उलटी करून चाकाले हात मारे, तं ते चाक फिरतच राहे. ती उठे, डोक्यावर पदर घे, कारन समोर तिचा भासरा, म्हनजे माहा नवरा, बसलेला, चुलीवरचा चहा उतरवून ये, तरी चाक फिरूनच राह्यलं. आवाज म्हनून नाई. अन् माहा नवरा ते थांबतपर्यंत पाहत राहे. माहं चाक चार फेरे घेऊन खर्रर्र करून उभं राहे. त्याच्याकडे तो पाहेच नाई.

मले पैसा नको होता, नाव नको होतं. त्यानं एकदा माह्या चाकाकडे तसं पाहावं, बस.

एका सकाळी नळावर जाऊचे हात दिसले. नखात लाल लाल भरलेलं. मनात म्हनलं, सापडलं. हिचं ग्रीस लाल हाय, अन् मी अजून तेच पिवळं लावून राह्यली. तिले इचारलं नाई. इचारलं असतं तं तिनं सांगतलं असतं, अन् मले तेच नको होतं.

बसस्टँडजवळच्या दुकानात गेली. म्हनलं, लाल ग्रीस दे.

दुकानदार म्हने, "अम्मा, किसमें डालना है? ट्रक में?"

"रोटी पे लगाना है."

तो हसला. "साइकिल में तो पीला भी चलता है, अम्मा."

"मेरे को चलाना है कि तेरे को? लाल दे."

पहिली सायकल आली ती दूधवाल्याची. वैनगंगेच्या पल्याडून येते, मागं दोनी बाजूनं दुधाच्या कॅना. नवऱ्याच्या हातचं जुनं गिऱ्हाईक. मी मागचं चाक खोललं. आतमंधी पिवळं ग्रीस होतं, ते काढून फेकाले जीव झाला नाई. त्याच्यावरच लाल थापलं, चांगलं लोन्यावानी. हात मारला तं चाक फिरलं बी बरं. नवऱ्याकडे पाह्यलं. तो पल्याड पाहून राह्यलता.

उन्हाळा होता. चार दिवसांनी दूधवाला चाक ढकलत आला. दोन ग्रीस एकात एक होऊन फाटलते, पानी होऊन तारांवरून गळून राह्यलते. कॅनीले डाग, पायजम्याले डाग. चाक चक्कीवानी वाजे.

"भौजी, ये क्या भर दिया?" असं म्हनला अन् माह्या डोळ्यासमोर रस्ता ओलांडून जाऊकडे गेला.

तिनं चाक काढलं, बोट घालून पाह्यलं. मले वाटलं, आता ही मोठ्यानं बोलते, सारं फाटक ऐकते. ती चाक उचलून सरळ माह्याकडेच आली. दुसऱ्या हातात डब्बी अन् डिझेलची बाटली.

"बाई, गिऱ्हाईक तुमचं हाय. तुमीच करा."

"तूच कर ना. तुलेच येते सगळं."

दूधवाला ओरडला, "अरे, कोई तो करो! मेरा दूध फट जाएगा."

मी चाक घेतलं. ती उकिडवी बसली, पदर सारखा केला, डब्बी उघडली. आतमंधी पिवळं ग्रीस.

"हे पिवळं?"

"हौ. तुमच्यावालंच. त्याच दुकानातलं."

"मंग तुह्या नखात लाल कायचं होतं?"

"कॅरियरले जंगावरचा लाल प्रायमर मारत होती." मंग ती तोंडावर पदर घेऊन हसली. "काहून वो बाई, तुमी माहे नखं पाहत होते?"

मी चाकाचा नट खोलाले घेतला.

ती हळूच म्हने, "जुनं सगळं काढा. छर्रे डिझेलमंधी धुवा, एकएक गोळी आरशावानी झाली पाह्यजे. मंग ग्रीस थोडंसंच. भासऱ्यानं माह्या घरच्यायले असंच शिकोलतं."

ते मले आठवलं. माहा नवरा छर्रे वाटीत टाकून घासलेटनं धुये. राशनचं घासलेट बंद झालं, अन् मी चिंधीनं पुसून भागवू लागली. त्याची विद्या भावाले गेली, भावाकडून भावजयीले, अन् मले ती रस्त्याच्या पल्याडून आली. बरं वाटलं म्हनू का? नाई वाटलं. तिनं तोंडावर चार गोष्टी ऐकोल्या असत्या तं सोपं गेलं असतं.

धुतलं. पिवळं लावलं. छर्रे बसोले, पाना फिरोला, चाकाले हात मारला. फिरलं. पन शेवटी जरा अडलं.

खाटेवरून आवाज आला, घशातल्या घशात. पाह्यलं तं नवरा माह्या चाकाकडे पाहत होता. डावा हात उचलून दोन बोटं फिरवत होता, उलटी, थोडीशी. ढिलं कर, जरासंच.

मी नट पाव आटा ढिला केला. हात मारला. चाक फिरतच राह्यलं, अन् तो पाहतच राह्यला.

एवढ्या सालात त्यानं मले पहिल्यांदा काही दाखोलं. मी लगेच मान फिरवून पाह्यलं, जाऊनं पाह्यलं का? ती कवाच आपल्या दुकानात जाऊन बसलती, मान खाली घालून कोनाची तरी चेन लावून राह्यलती.