टिटवीनं अंडे कुठं घातले

माह्या मामाले पक्ष्यांचं काही पडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. वंचक बसला काय अन् बगळा बसला काय, त्याले सारखंच. पण रोहिण्या लागल्या की दरवर्षी तो तलावाच्या मागच्या दलदलीत एक चक्कर मारतेच. टिटवीनं अंडे कुठं घातले ते पाहाले. उंचावर घातले तर पाऊस भरपूर, खाली पाण्याच्या काठाले घातले तर पाऊस ओढ देते. अंडे वर असले की मामा धूळपेर करते, म्हणजे पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत सरकी टोबते. खाली असले की थांबते. आजोबाबी असंच करत, अन् मामाच्या म्हणण्याप्रमाणं टिटवी कधी खोटी पडली नाही. पडली असंन तर त्यानं ते मनावर घेतलं नसंन, असं माही आई म्हणते.

मामाचं गाव बोरी अरबच्या इकडं. मी यवतमाळले शिकते, सुट्टीत मामाकडं आलती, नवीन दुर्बीण घेऊन. त्यात तलावाचा तो दलदलीचा भाग आता पक्ष्यांसाठी राखीव झाला, तारेचं कुंपण, फाटक, पक्ष्यांच्या चित्राची पाटी, सगळं. मले तर कधी जाते अन् कधी नाही असं झालतं. अन् यंदा मामाच म्हणाला, चाल, तुह्या गाडीवर ने मले. मामा अन् मी पक्षी पाहाले! मी वर्गातल्या पोरींच्या ग्रुपवर टाकूनबी दिलं.

सकाळी गेलो. फाटकावरच्या चौकीदारानं मामाले ओळखलं, आत सोडलं. शांत होतं एकदम. उन्हाळ्यानं पाणी पार मधात गेलतं, काठाले काळी माती तडकून पडली होती, पाणकणसं वाळून पिवळे. तरी काय काय दिसलं! लाल पायाचे शेकाटे, चिखलात चोच खुपसून गोगलगाया काढणारे मुग्धबलाक, हळदी-कुंकवाच्या बदकांची एक जोडी. मी एकेकाचं नाव सांगून राह्यली होती, मामाच्या डोळ्याले दुर्बीण लावून देऊन राह्यली होती. तो हो हो म्हणे, पण नजर त्याची जमिनीवरच.

मंग टिटवी वरडाले लागली. आमच्या डोक्यावरून इकडून तिकडं. मामा म्हणाला, आता हळू चाल, जवळच हाय.

अन् होतेच. मुरुमाच्या ढिगावर, अगदी शेंड्याले, चार अंडे. मातकट, काळ्या ठिपक्याचे, मुरुमात असे मिसळलेले की मी तर पाय देला असता. मामाचा चेहरा पाहाले पाहिजे होता. हात जोडले त्यानं. इतक्या उंचावर कधीच पाह्यले नाही म्हणे. लगेच फोन काढला, मामीले सांगतलं का सोमवारी बाया सांगून ठेव, सरकी टोबून टाकू.

मी गप्प राहाले पाहिजे होतं का, मले अजून कळत नाही. पण तो ढीग पाहून मले कसंतरीच झालतं. पक्षी पाहाले येणाऱ्या लोकांसाठी तिथं मनोरा होऊन राह्यला, त्याच्या रस्त्याचा तो मुरुम. टिप्परनं आणून टाकलेला. आजूबाजूले सगळीकडं चाकोऱ्या. मी म्हटलं, "मामा, हा ढीग मागच्या सुट्टीत नव्हता."

"तिले का करायचं त्याच्याशी?" मामा म्हणाला. "तिले उंच दिसलं, ती बसली."

"तिले दुसरी जागा कुठं ठेवली?"

मामा परत अंड्यांकडं वळला. मी मात्र थांबली नाही, मी थांबतच नाही, खाली काठाकडं चाकोरीच्या बाजूबाजूनं पाहात गेली. पाण्यापासून थोड्याच अंतरावर सापडलं. बारीक खड्यांचं गोल कडं, अर्धं चाकाखाली दबलेलं, त्यात टरफलाचे तुकडे मातीत चिकटलेले, तेच काळे ठिपके. मुंग्यांनी बाकीचं नेलं होतं. टिटवीचं घरटं मोडलं की ती दुसऱ्यांदा घालते, हे मी वाचलं होतं. म्हणजे पह्यले तिनं इथं घातले होते. सगळ्यात खाली.

मामा मागून आला. उकिडवा बसला. एक तुकडा उचलून अंगठ्यानं माती पुसली त्यानं, कितीतरी वेळ पुसतच राह्यला. वर टिटवी वरडतच होती.

"हीच असंन कायच्यावरून?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, मामा, नक्की नाही सांगता येत. दुसरीबी असू शकते.

"मंग कोनती खरी धरू? खालची का वरची?"

मी फाटकाकडं चालाले लागली. चौकीदाराले जाऊन ढिगाचं सांगतलं, तो म्हणाला मी कामवाल्याहीले सांगतो, पण काम काही माह्या हातात नाही. मी ढिगाभोवती काही गोटे मांडून आली. त्यानं टिप्पर थांबते का, पण दुसरं सुचलंच नाही.

फाटकापाशी मामानं मामीले परत फोन लावला, राहू दे म्हणाला, बाया नको सांगू. मामीचा आवाज मले फोनातून ऐकू येत होता. तिनं तेवढ्यात बाया सांगूनबी टाकल्या होत्या. "आता त्याहीले का सांगू?" ती म्हणाली. "का टिटवी बुचकळ्यात पडली म्हनून?" एरवी मामा हासला असता. त्यानं फोन खिशात टाकला अन् माह्या मागं गाडीवर बसला.

सोमवारी शेजारच्या वावरात टोबणी झाली. आमच्या सांगितलेल्या बायाच तिथं गेल्या. मामा धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, उभा राहून पाहात होता. तयार केलेलं वावर, सरकीच्या थैल्या घरात, अन् तो मोकळ्या हातानं उभा. त्या लोकांचं साधलं तर त्याहीचं पीक पुढं जाईन, नाही साधलं तर त्याहीचं बियाणं मातीत जाईन, अन् मामाले दोन्हीतलं कोणतं होईन ते या वर्षी ठाऊक नाही. दरवर्षी चूक का बरोबर, ठाऊक तर असे.

संध्याकाळी मी ओसरीत मोबाईल पाहात बसली होती. मामा येऊन बाजूले टेकला. आजवर मी पावसाचा अंदाज वाचून दाखवला का तो उठून जाये.

"तुह्या त्याच्यात का म्हनते?" त्यानं विचारलं.

मी उघडून पाह्यलं. म्हटलं, परवा चाळीस टक्के दाखवते.

"चाळीस म्हंजे हो का नाही?"

मी स्क्रीनवर बोट फिरवत राह्यली. तो वाट पाहात होता, अगदी मनापासून, माह्या तोंडाकडं पाहून. मी म्हटलं, मामा, ते तसं सांगत नाही. तो उठला, अन् थैल्यांना उंदीर लागतीन म्हणून त्या फळीवर ठेवाले आत गेला.