गाणं नसलेला व्हिडिओ

माझ्या धाकट्या भावजयीला सगळी वस्ती ‘रेंज’ म्हणते. आमच्या आदिवासी वस्तीत नेटवर्क मिळतं ते फक्त पाण्याच्या टाकीवर. दिवसभर रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायची आणि संध्याकाळी फोन घेऊन टाकीवर चढायचं, हा तिचा रोजचा नेम. खाणीच्या धुळीनं पांढरी पडलेली पानं, गढूळ ओढा, सगळं ती जगाला दाखवते. हात हलू नये म्हणून कोपर बरगडीला घट्ट धरते. मी आयुष्यभर खडकात ड्रिल चालवलं. हात स्थिर ठेवायला काय लागतं, ते मला ठाऊक आहे.

यंदा खाणीचा रस्ता झऱ्यावरून न्यायचं ठरलं. कागदात लिहिलं होतं, ‘जागा वापरात नाही.’ त्या झऱ्यावर आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गातात. पुरुषांनी ते ऐकायचं नसतं. मीही ऐकलेलं नाही.

कचेरीत आमची हरकत मांडणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, “गाण्याचा व्हिडिओ टाका. लाखो लोक बघतील. पुरावाही होईल.”

रेकॉर्डिंग रेंजकडे होतं. मुलीला शिकवायला म्हणून तिनं करून ठेवलं होतं. ती टाकायला निघाली, तशी माझी आई दारातून म्हणाली, “टाक की. उद्या कुणाच्या तरी फोनची रिंगटोन होईल.”

“अहो आई, झराच बुजला तर गाणार कुठं?”

आई आत निघून गेली. रेंज उंबऱ्यावरच बसून राहिली. त्या संध्याकाळी ती टाकीवर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बायकांना रोपवाटिकेच्या शेडमध्ये जमवलं. आवाज नको म्हणून मोटार बंद करायला लावली.

“कुणी शिकवलं तेवढं सांगायचं. गायचं नाही.”

“अगं, केस तरी विंचरू दे!”

“तुला बघायला पाहुणे नाही येणार. बोल.”

एकेक उभी राहिली. “मला मावशीनं शिकवलं. मी झऱ्यावर गाते. इथं गाणार नाही.” वारा आला की रेंज पुन्हा बोलायला लावायची. बायका कंटाळल्या, तिनं सोडलं नाही. शेवटी आई न बोलावता आली.

“मला सासूनं शिकवलं,” एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, “झरा बुजवलात तर नातीला कुठं नेऊ?”

रेंजनं तो व्हिडिओ टाकला. लाखो लोकांनी काही तो बघितला नाही. ‘गाणं कुठंय?’ असं बऱ्याच जणांनी खाली लिहिलं. वकीलबाई नाराज होत्या, पण त्यांनी तोच व्हिडिओ कचेरीत दिला.

पाहणीला कचेरीतून एक साहेब आणि एक बाई आल्या. साहेब झऱ्याकडे उतरू लागले.

“साहेब, तुम्ही नंतर,” रेंज म्हणाली. “आधी फक्त बाई येतील.”

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी बाजूच्या दगडावर जागा करून दिली. आम्ही दोघं वळणावर बसलो. खालचं काही ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं बाई चपला हातात घेऊन वर आल्या. साहेबांनी विचारलं, “काय लिहायचं?”

“वापरात आहे,” त्या म्हणाल्या.

रस्त्याचं अजून ठरायचं आहे. तोवर यंत्रं वळणाच्या अलीकडे उभी आहेत.