अक्रोडाचा भुगा

आमच्या घराण्यात कुणी उंदीर मारला तरी त्याला आधी आंघोळीला मोरीत पिटाळायचे, आणि माझा मुलगा आयर्लंडमधल्या नास गावी नोकरी लागल्यावर दर शनिवारी बंदूक घेऊन नेमबाजीच्या क्लबात जायला लागला. मी कराडहून त्याच्याकडे राहायला गेले, तेव्हा एकदा मलाही घेऊन गेला. नेम बघायला मिळेल म्हणून हौसेनं गेले, तर यानं मला एका खोलीत नेऊन बादलीएवढं यंत्र दाखवलं.

झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी त्यात टाकायची, बरोबर अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालायचा आणि यंत्र थरथरत ठेवायचं. भुगा काजळी ओढून घेतो. मग परवाना असलेले सभासद तिथेच ती नळकांडी पुन्हा भरतात. भुग्याची निगा राखण्याचं काम मुलाकडे होतं. त्यात कागदाच्या ओलसर पट्ट्या टाकायच्या म्हणजे धूळ त्यांना चिकटते, मधूनमधून चमचाभर पॉलिश घालायचं, आणि तरीही पितळ मंद निघायला लागलं की सगळा भुगा बदलायचा. हे सगळं तो मास्क आणि हातमोजे घालून करत होता. मला हसू आलं. हा पहिल्यापासून असाच नखरेल. घरी फणस फोडायला घेतला की चीक लागेल म्हणून अंगणात पळायचा.

"बघ आई, सोन्यासारखं होतं की नाही पितळ?" नव्या भुग्यातलं नळकांडं माझ्यापुढे धरून तो म्हणाला. जुना भुगा त्यानं पोत्यात भरला आणि गाडीत टाकला. "हे नंतर कचरा सेंटरला द्यायचंय," एवढंच बोलला. पोतं परसातल्या शेडमध्ये पडून राहिलं.

तिथल्या दमट हवेत देवाची भांडी आठवड्यात काळी पडतात. सूनबाईचे देव स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये असत; कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात. गणपती तोंडावर आले होते. ताम्हन, पळी-पंचपात्री, घंटा, सगळ्यांची रया गेलेली. घरात चिंच होती ती बाटलीतली, गोडसर. मला पोतं आठवलं. यंत्राला नको झालेला भुगा माझ्या मनगटाला चालेल की! टाकाऊतून टिकाऊ करण्यात माझा जन्म गेला.

भुगा काळा पडला होता, म्हणून पिठाच्या चाळणीनं ओट्यावरच चाळला. नात शेजारी चढून बसली. उडालेल्या धुळीत बोटानं तोंडं काढत होती, मधूनच तेच बोट चोखत होती. मग आम्ही दोघींनी मिळून भांडी घासली. अशी लखलखली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. पूजा करून मी नातीच्या तळव्यावर तीर्थ घातलं.

संध्याकाळी मुलगा आला. "वा! कशानं घासलीस?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"अक्कल गहाण टाकलीस का? काडतुसातलं शिसं उतरतं त्या भुग्यात! लहान पोरांच्या मेंदूवर परिणाम होतो त्याचा. कायमचा!"

"मग सांगायचं नाहीस का मला?"

"माझे हातमोजे दिसले नाहीत तुला? का तेवढंही समजत नाही?"

मीही गप्प बसणारी नव्हे. "विष घरात आणून ठेवलंस तू, आणि अक्कल माझी काढतोस?" म्हणून ओरडले. सूनबाईनं नातीला उचलून न्हाणीघरात नेलं. मग चाळणी, ओट्यावरचं पीठ, माझं ताम्हन, माझ्या सासूबाईंची पळी, सगळं काळ्या पिशवीत भरून पिशवी पोत्याशेजारी नेऊन ठेवली. देवांना मात्र पुन्हा पुन्हा धुतलं. मी पुढे झाले तर म्हणाली, "आई, प्लीज, तुम्ही नका हात लावू."

नातीचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत त्या घरात मला कुणी काही करू दिलं नाही. चहासुद्धा पुढ्यात आयता यायचा. मुलगा नातीला रोज तेच तेच आकडे विचारायचा, आणि ती चुकली की माझ्याकडे बघायचा. माझं काळीज फाटायचं. मी देवाला म्हणायचे, हवं तर मला आंधळी कर, पांगळी कर, पण हिला काही होऊ देऊ नकोस. त्याच वेळी मुलाच्या कानशिलात द्यावीशीही वाटायची.

शेवटी दवाखान्यातून फोन आला. "शी इज ग्रँड," नर्स म्हणाली. काळजीचं काही नव्हतं. सूनबाई जमिनीवर बसून रडली. मुलानं नातीला उचलून गरगर फिरवलं. मला वाटलं, सुटलो.

त्या रात्री कुणाला न विचारता मी मऊ वरणभात कालवला, वर तूप घातलं आणि नातीला मांडीवर घेतलं. घास तोंडाजवळ नेला तशी तिनं ओठ मिटून घेतले. बापाकडे वळून विचारलं, "डॅडी, आर आजीज हँड्स ओके?"

आता तो हसेल, खा म्हणेल, असं मला वाटलं.

"दाखव," तो मला म्हणाला.

मी घास ताटात ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. त्यानं ते उलटसुलट करून पाहिले, नखांत पाहिलं. मग लेकीकडे बघून मान हलवली, तेव्हा तिनं तोंड उघडलं.