गोडलिंबाचा सूर

ऐक वं माय, हे फोनवरच बोलून पाठवून राहिली. आजीले नुसते फोटो पाठवून राहिली, हे काही बरं नाही. फोटोत पांढरी खोली दिसते, मधात कुंडी, भोवती लोक. पण तुझ्या त्या बंगलोरच्या प्रदर्शनात झाड काय बोललं, ते फोटोत कसं ऐकू येईल?

बोलायले तर ते आपल्या मनीषनगरच्या गॅलरीतच लागलं होतं. उन्हाळ्यात तू आली, कुंडीतल्या गोडलिंबाच्या पानांले दोन चिमटे लावले, त्यांच्या वायरी एका डब्यात खोचल्या. पानात बारीकशी वीज राहते म्हणे, डबा तिचा सूर करते. मी म्हटलं, "बिचाऱ्याले सलाईन काहून लावली वं?" तू पोट धरून हसली.

फोडणीसाठी पानं तोडायची तर झाडाले आधी सांगायचं, ही माझ्या सासूनं लावलेली सवय. "दोन पानं घेऊन राहिली, रागावू नको," म्हणत मी हात लावला, तसा डब्यातला सूर सरकन वर चढला.

"पाह्य, ओळखलं मले!"

"आजी, तुझा हात ओला आहे, म्हणून."

मग तूही हात ओला करून लावला. चढला सूर, पण माझ्याइतका नाही, हे मी अजून म्हणते. तू हसली, पण माझं वाक्य उचललंच. आता तिथं प्रदर्शनात पानाले हात लावायच्या आधी लोकांले ते म्हणावं लागते म्हणे. माझ्या सासूले सांगितलं असतं, तर तिनं पदर तोंडाले लावला असता.

जाताना डबा तू माझ्यापाशी ठेवला. रोज सकाळी चहा घेऊन मी गॅलरीतच बसत होती. दसऱ्याले विळी-सुरीसंगं त्याचीही पूजा केली. हळद-कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं. तेव्हापासून मुका झाला. तुले लगेच फोन केला, तर म्हणते, "आजी, दुसरा पाठवते कुरिअरनं."

नको म्हटलं. कोपऱ्यावरचा मोबाइलवाला पाहून देतो म्हणाला, त्यालेही हात लावू दिला नाही. डबा येईल वं कुरिअरनं. तोंडात पेचकस धरून डबा खोलायले गॅलरीत फतकल मारणारी नात कशी येईल?

गोडलिंब मस्त फुटला आहे. सांगून पानं घेते, अन् सवयीनं जराशी थांबते.

कुंकू अजून डब्यावर तसंच आहे. मी पुसत नाही, तूच येऊन पूस. लवकर ये.