पाहिलेल्या गोष्टींची भिंत

चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरच्याकडे शांतपणे बघायचं आणि विचारायचं, "पाहिलंस की ऐकलंस?" बाईंचा हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, पोराने काही चोरीबिरी केली असावी. त्या बिचाऱ्याने वहीत एवढंच लिहिलं होतं, की ढग आले की मोर नाचतो.

सिल्वासातल्या आमच्या मराठी शाळेत बाई तिसरीला शिकवायच्या आणि मी शेजारी चौथीला. त्या कोकणातल्या, मी नाशिककडचा, आणि पोरं बहुतेक खानदेशातून नरोलीच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची. दोन वर्गांमधली भिंत अर्धीच होती, त्यामुळे बाईंचं शिकवणं मला फुकट ऐकायला मिळे. मी पोरांकडून 'माझी बाग' वगैरे निबंध लिहून घेई. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांच्या घरामागे माझ्या वर्गातल्या वह्यांत भराभर गुलाब फुलत. बाईंकडे गुलाबांना बंदी होती. तिथे माहिती लिहायची, आणि तीही स्वतः पाहिलेली. बाईंनी ती तपासून खरी मानली, की कागद मागच्या भिंतीवर चिकटवला जाई. त्या भिंतीवर जागा मिळवायला पोरं जीव टाकत.

दादऱ्याच्या तळ्याकाठच्या बागेत दोन्ही वर्गांची सहल गेली होती. परत आल्यावर माझ्या सगळ्या पोरांनी लिहिलं, 'सहलीत खूप मजा आली.' बाईंच्या वर्गात 'मजा' हा शब्द चालत नसे. मजा म्हणजे नक्की काय झालं ते लिहावं लागे. एकाने लिहिलं, 'बाई होडीत बसल्या तेव्हा होडी त्यांच्या बाजूला कलली. सर घाबरले.' बाईंनी तो कागद मोठ्याने वाचला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर लावला. मी घाबरलो नव्हतो असं मी म्हणालो, पण पाहणारे पुष्कळ होते.

वाचायला त्या काहीही आणत. बिस्किटाचं वेष्टण, गोळ्यांची पट्टी, एसटीचं वेळापत्रक. कोणी लिहिलंय, कोणासाठी लिहिलंय, आणि त्याला कसं कळलं असेल, हे पोरांनी सांगायचं. पुस्तकातसुद्धा कोणाला सूट नव्हती. धड्यात होतं, की बगळा पाण्याकाठी राहतो. पोरं शाळेमागच्या माळावर जाऊन बघून आली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, 'आमच्याकडे म्हशीच्या पाठीवरही बसतो.'

आम्ही शिक्षकही सुटत नसू. बदल्यांची यादी निघालीय, अमक्याचं जमलंय, असं कोणी चहाच्या वेळी म्हटलं, की चष्मा कपाळावर जाई. अशा माणसापुढे गप्पा मारणं किती कठीण असतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल. तुमच्याही कचेरीत किंवा आळीत असं एखादं माणूस असतंच.

मग वर्षाच्या मध्येच दीपाली आली. नंदुरबारकडची, वडील धाग्याच्या कारखान्यात पाळीने जाणारे. ही पोर तोंड उघडेना आणि पाटीवर एक अक्षर काढेना. वडील दोनदा येऊन सांगून गेले, की हिचं डोकं चालत नाही, दिवाळीला गावी आजीकडे सोडून येतो, शेळ्या तरी राखेल. बाईंनी त्यांच्याकडून दिवाळीपर्यंतचा वेळ मागून घेतला. तेव्हापासून त्या रोज तिच्याशेजारी बसत आणि एकच विचारत, की तुला माहीत आहे आणि मला माहीत नाही, असं काय आहे? पोर खाली बघत राही. बाई उठत, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसत. मला त्या चिकाटीची भीतीच वाटू लागली होती.

दिवाळी तोंडावर आली आणि एके दिवशी दीपालीने कागद दिला. 'चाळीचं पाणी. नळाला आधी लाल पाणी येतं. ते भरू नये. मग दुधासारखं येतं. ते बाटलीत भरून ठेवावं. ते खालून वर स्वच्छ होत जातं.'

एवढंच. बाईंनी तो कागद मला असा आणून दाखवला, जणू घरात बाळ जन्मलंय. मी म्हणालो, छान आहे, पण शेवटचं उलटं झालंय. गढूळ पाण्यात गाळ खाली बसतो, म्हणजे पाणी वरून खाली स्वच्छ होतं. तेवढं दुरुस्त करून लावा भिंतीवर.

चष्मा कपाळावर गेला. "सर, पाहिलंत की ऐकलंत?"

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, माझ्या स्कूटरवर मागे बसून, बाई नरोलीच्या चाळीत हजर. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या, आणि त्यांच्यात हातात कागद धरून आमच्या बाई. नळ सुटला. बाईंनी पहिली ओळ वाचली. पाणी लाल आलं. पुढची वाचली, पाणी दुधासारखं आलं. दीपालीने प्लॅस्टिकची बाटली भरली आणि ओट्यावर ठेवली. बाई त्या ओल्या फरशीवर चक्क गुडघे टेकून बसल्या आणि बाटलीच्या तळाशी डोळे लावले.

पाणी तळापासून निवळू लागलं. पांढरेपणा हळूहळू वर सरकत गेला आणि नाहीसा झाला. तो पांढरेपणा पाण्यात मिसळलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांचा होता, गाळाचा नव्हता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी पाण्याकडे कमी आणि बाईंकडेच जास्त बघत होतो. आठ वर्षांच्या पोरीच्या एका वाक्याला इतका मान दिलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात रातपाळी संपवून दीपालीचे वडील आले. मास्तरीणबाई फरशीवर बसलेल्या पाहून ते जागीच थबकले. "काय चुकनं का बाई हिनं?"

"नाही. हिने लिहिलेलं खरं आहे का, ते बघायला आले होते," बाई उठत म्हणाल्या. "खरं आहे."

त्यांनी कागद हातात घेतला. वाचता येत होतं की नाही कोण जाणे, पण बराच वेळ धरून उभे राहिले. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आते नई धाडत तिले गावले."

कागद भिंतीवर लागला. त्याखाली बाईंनी दीपालीला आणखी एक ओळ लिहायला सांगितली: 'असं का होतं ते माहीत नाही.' माहीत नसलेलंही लिहायचं असतं, म्हणाल्या.

यंदा बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, मीही केलं, आणि माझ्या भाषणात जुन्या सवयीने दीपस्तंभ वगैरे येऊन गेले. बाई हसल्या, पण चष्मा जागेवरच ठेवला. फाटकाशी रिक्षा आली, पोरांनी हात हलवले, बाई कोकणात गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या रिकाम्या वर्गात डोकावलो. भिंतीवर एक नवा कागद होता. कोणी लिहायला सांगितला नव्हता. दीपाली आता माझ्या चौथीत आहे; अक्षर मी ओळखलं.

'आमच्या बाई. बाई डबा उभ्यानेच खातात. चुकलं तर खोडत नाहीत, शेजारी येऊन बसतात. काल बाई रिक्षात बसल्या. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. रिक्षा वळणापर्यंत गेली. पुढचं पाहिलेलं नाही.'