तावडेची नितळ फिल्म

स्टायरीनचा वास गोडसर असतो, फार पिकून उतरलेल्या फळासारखा. मरोळच्या आमच्या रेझिनच्या कारखान्यात तो शर्टात मुरायचा आणि मुलुंडला घरी पोचलो तरी सुटायचा नाही. हेवाही असाच मुरतो. तुम्हांला कधी जवळच्या माणसाचा हेवा वाटला आहे का? मला तावडेचा वाटला. शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माझ्या मित्राचा.

प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा रिकामी होती. साहेबांनी आम्हां दोघांना एकच रेझिन करायला सांगितलं: स्टायरीन आणि मेथॅक्रिलिक आम्ल, ठरलेल्या वजनांनी. मी नेहमीप्रमाणे टोल्युइन या द्रावकात, सॉल्व्हंटमध्ये, केलं. तावडेची पाळी येईतो टोल्युइनचं पिंप संपलं होतं, म्हणून त्याने ब्युटेनॉल हे अल्कोहोल ओतलं. काचेवर दोन्ही रेझिनं वाळून त्यांची पातळ फिल्म झाली. माझी फिल्म दुधाळ, त्याची नितळ!

"अरे, हिच्यातून तर अख्खं मरोळ दिसतंय!" साहेब म्हणाले. "पण तावडे, असं झालं कसं?"

"हाताला लागलं ते ओतलं, साहेब." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग ना रे, तुझं डोकं चालतं त्यात."

गप्प राहिलो असतो, तर ती फिल्म निव्वळ योगायोग ठरली असती आणि जागा कदाचित माझी. पण अर्धवट हिशेब मला बघवत नाही. मी सांगितलं: टोल्युइनमध्ये आम्ल रेझिनच्या रेणूंच्या साखळीत शिरायला उतावळं असतं. ते आधीच संपतं, मागाहूनच्या साखळ्यांत जवळजवळ नुसतं स्टायरीन उरतं. अशा दोन तऱ्हांच्या साखळ्या एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून दुधाळपणा. अल्कोहोल आम्लाला धरून ठेवतं. मग ते शेवटपर्यंत पुरतं आणि साखळ्या सारख्या होतात.

रेणू तेच, वजनं तीच, केवळ सभोवतालच्या द्रवाने साखळीची घडण बदलावी, केवढं हे नवल! माणसांचं निराळं असतं का? साहेबांच्या सहवासात तावडे खुलतो आणि मी, घरी तासभर बोलणारा, मोजूनमापून बोलत आटत जातो.

साहेबांना माझं म्हणणं पटलं, आणि जागा तावडेला मिळाली.

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला. "तोंड कशाला पाडलंयस यार? ऐक, यापुढे सॉल्व्हंट कुठला, ते तू ठरवायचं. मी फक्त सही ठोकणार."

मी पेढा तोंडात घातला. जागेचा हेवा एखादे वेळी ओसरलाही असता. पण मिळालेल्यातलं इतक्या सहज वाटून टाकणं मला कधी जमलं नव्हतं. आता त्याचाच हेवा वाटू लागला.