धुवून वाळवलेली हार्ड डिस्क

अण्णांनी निपाणी-चिकोडी भागातली लग्नं शूट करण्यात जन्म घालवला, पण कुठल्याच लग्नात ते दिसत नाहीत. कॅमेऱ्यामागचा माणूस दिसणार कसा? शूटिंग चालू असताना आवाज तेवढा यायचा. "वैनी, जरा इकडं बघा." "नवरदेव, हसा की, फाशी न्हाय ही." माझ्या वडिलांचा हा आवाज आता आम्हाला हवा आहे आणि तो कुठेच सापडत नाही.

व्हिडिओ कॅसेट त्यांची लाडकी. पावसाळ्यात तिला बुरशी यायची, फीत अडकायची. पण खराब तुकडा कापून चिकटपट्टीने जोडला की बाकीचं लग्न शाबूत. सीडी आली तशी रिवाइंडची कटकट गेली, पाहुण्यांत वाटायलाही सोपं झालं. पण लोकांनी त्या कव्हराशिवाय टीव्हीवर टाकल्या, चरे पडले आणि ऐन अक्षतांच्या वेळी चित्र अडकायला लागलं. शिव्या अण्णांना. पेनड्राइव्ह खिशात मावायचा, म्हणूनच खिशातून पडायचा. मेमरी कार्ड तर पुढच्या लग्नासाठी पुसूनच टाकायचं. मी क्लाउडचं सुचवलं, तर म्हणाले, "आपलं सामान लोकाच्या माळ्यावर कशाला? पासवर्ड इसरला की आपुनच चोर."

शेवटी हार्ड डिस्क घेतली. तळहाताएवढ्या डबीत तालुकाभरची लग्नं मावली. न कापलेलं, गाणी न चढवलेलं मूळ शूटिंग फक्त तिच्यात होतं. "लई बरं हाय हे," अण्णा म्हणाले होते, "पर जाताना सगळं एकदम घिऊन जाईल."

गेल्या वर्षी अण्णाच गेले. सुतक फिटलं त्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळं घर धुऊन काढलं. आई आणि काकूने त्यांच्या खोलीतलं एकूण एक धुतलं. शर्ट, चष्म्याचं घर, कॅमेऱ्याचा पट्टा. हार्ड डिस्क कापडी पिशवीत होती. पिशवीसकट ती बादलीत भिजली, गच्चीवर उन्हात वाळली आणि आईने ती परत नीट कपाटात ठेवली. मी तेव्हा पाहुण्यांना पोचवायला स्टँडवर गेलो होतो.

काही महिन्यांनी आई म्हणाली, "ह्यांचा आवाज ऐकव की रं एकदा." मी डिस्क लावली. काहीच नाही. बेळगावात कॅम्पातल्या दुरुस्तीवाल्याने ती उघडली आणि पाणी कसं गेलं, एवढंच विचारलं. आतल्या चकत्यांवर गंज चढला होता. मला त्या बादलीचा, सुतकाचा, सगळ्याचा राग आला. आईचाही आला, खोटं कशाला बोलू?

मग जुन्या गिऱ्हाइकांची घरं पालथी घातली. पार गुंजी गावापर्यंत जाऊन आलो. लोकांनी माळ्यावरच्या कॅसेटी, सीड्या शोधून दिल्या, चहा पाजला. सगळ्यांत सनई, नाहीतर सिनेमातलं गाणं. अण्णा एडिटिंगला बसले की आधी स्वतःचा आवाज काढायचे आणि त्या जागी गाणं टाकायचे. "दुसऱ्याच्या लग्नात माझी बडबड कशाला?" म्हणायचे. कुठे एक शब्द चुकून राहिला असेल म्हणून मी कान लावून सगळं ऐकलं. काम फार नीट करायचे ते. फोनवर हूं, बरं, ठेव, यापलीकडे कधी गेले नाहीत आणि तेवढंही कुणी साठवलं नाही.

आईला मी गंजाचं सांगितलं नाही. डिस्क दुरुस्तीला टाकलीय, म्हणत राहिलो.

परवाच्या रविवारी तिला गुंजीच्या लग्नाची सीडी लावून दिली. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "ते गाणं बंद कर." मी टीव्हीचा आवाज बंद केला. मांडवात बसलेल्या बायकांनी एकदम मान वर केली आणि आमच्याकडे बघून पदर सावरले.

"हां, आत्ता म्हणाले, वैनी, जरा इकडं बघा."

नवरदेव लाजून हसला.

"आन् हे फाशीचं."

लग्न संपेपर्यंत ती असंच सांगत राहिली, माणसं हसत राहिली. नंतर पदराने डोळे पुसत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मी धुतली म्हणून गेली न्हवं ती?"

मी न्हाय म्हणालो.

"आन् आत्ता त्यांचं बोलणं आलं का रं तुला ऐकू?"

मी व्हय म्हणालो. दोन्ही वेळा खोटं बोललो.